काळतोंड्या तांबटाचे वैर

मी एक जुना तांबट आहे. मित्रांनो, तांबट म्हटल्यावर तुम्हाला वडाच्या शेंड्यावर बसून टुक टुक करणारा हिरवा चिमुकला पक्षी आठवत असेल. तो मी नव्हे. मी आफ्रिकेतला, लुजेंदा नदीच्या काठचा. पूर्वी पक्ष्यांचे अभ्यासक तुमच्या आणि आमच्या तांबटांना एकाच घरात धरत. पुढे त्यांनी वाटण्या करून आमचे घर वेगळे मांडले. माझ्या चोचीच्या कडेला दातासारख्या खाचा आहेत, चोचीच्या बुडाशी राठ केस आहेत आणि पायाला दोन बोटे पुढे, दोन मागे आहेत. चोच पाहून मला आमच्या घरात घालतात. पाय मात्र सुतार पक्ष्याचेही तसेच असतात, आणि सेगोचेही. म्हणजे आम्ही सगळे दूरचे भाऊबंद. भाऊबंदकी फक्त माणसांत असते असे समजू नका.

सेगो कोण ते आधी सांगतो, कारण ही गोष्ट त्याच्याशी असलेल्या माझ्या वैराची आहे. सेगो दिसायला साधा, करडा पक्षी. शेपटीच्या कडांना पांढरी पिसे, एवढीच त्याची ओळख. त्याला मेण खायला आवडते, पण पोळे फोडता येत नाही. माणसाला पोळे फोडता येते, पण ते कुठे आहे ते कळत नाही. म्हणून आमच्याकडचा मध काढणारा माणूस रानात शिरताना "ब्रर्र-हं" अशी हाक देतो. सेगो कलकलाट करत येतो आणि झाडाझाडाने पुढे जात त्याला पोळ्यापाशी नेतो. माणूस धूर करतो, मध काढतो आणि मेणाचा तुकडा पानावर ठेवून निघतो. ते सेगोचे. बापजाद्यांपासून हा करार चालत आला आहे. सारा गाव सेगोवर जीव टाकतो. मी त्याचे नाव घेतले की फांदीवर चोच पुसतो.

माझा जन्म रानउंबराच्या वाळलेल्या फांदीत झाला. आम्ही ओल्या लाकडात बीळ कोरत नाही. फांदी मेली, आतून मऊ झाली की ती आमच्या कामाची. मोठा झाल्यावर मी त्याच झाडाची दुसरी वाळकी फांदी धरली. तिथे एके दिवशी नदीपलीकडून एक मादी आली. माझे तोंड काळे, तिचे लालभडक. आमच्या काठावर सगळे काळ्या तोंडाचे, पलीकडे सगळे लाल. पण तिने माझ्या शेजारी बसून मान लववली, पंख थरथरवले आणि "टू" म्हटले. मी "पुडली" म्हटले. आमच्यात गाणे असे असते. अर्धे एकाने म्हणायचे, अर्धे दुसऱ्याने, आणि मध्ये फट पडू द्यायची नाही. लांबून ऐकणाऱ्याला एकच पक्षी गातो आहे असे वाटले पाहिजे. पहिल्याच दिवशी आम्हाला ते जमले. मी तिला लालतोंडी म्हणत असे.

आमच्या झाडाखाली उमालीचे घर होते. उमाली मध काढणारा. तोही नदीपलीकडचाच. याओ लोकांत नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो, तसा तो अलाइकाच्या घरी आला होता. त्यांना अंशा नावाची लहान मुलगी होती. अलाइका बोलायला फटकळ होती, पण उंबरे पिकली की आमच्या फांदीखाली ती कधी धुणे वाळत घालत नसे. तेवढे तिला कळत होते.

एका उन्हाळ्यात लिशिंगा शहरातून फेलिझार्दा नावाची बाई आली. पक्षी पकडून, तपासून, पायात कडे घालून सोडून देणे हे तिचे काम. गावाने तिचे नाव 'पक्ष्यांची बाई' असे पाडून टाकले. तिच्या जाळ्यात आधी मी सापडलो आणि माझ्यामागे ओरडत आलेली लालतोंडीही सापडली. बाईने आम्हाला दोन हातांत धरले आणि कितीतरी वेळ कधी इकडे, कधी तिकडे बघत राहिली. चोच तीच, पाय तेच, पोट तसेच पिवळट, तोंडे मात्र दोन तऱ्हेची. ही एकच जात की दोन, हे तिला ठरवायचे होते.

उमाली कुऱ्हाड घासत बसला होता. तो म्हणाला, "बाई, दोघं एका बिळात झोपतात. एक गाणं दोघांत वाटून गातात. अजून काय पाहिजे तुम्हाला? निकाह लावणाऱ्याला बोलावून विचारू?"

"गाण्यावर नाही ठरत, चे उमाली. यांची पिल्लं बघायची. लाल निघतात, काळी निघतात, की दोन्हीची सरमिसळ." आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी मानाने 'चे' लावतात.

अलाइका उखळात मका कांडत होती. मुसळ न थांबवता ती म्हणाली, "मग आमच्याच घरात बघा की. हा पलीकडचा, मी इथली. अंशा तोंडानं बापावर गेली. आणि तोंड चालवायला माझ्यावर."

सगळे हसले. बाईने आमच्या पायात कडी घातली आणि आम्हाला सोडले. तेव्हापासून ती रोज आमच्या झाडाखाली येऊन बसू लागली. आमच्या पिल्लांची तोंडे बघायची म्हणून. बिळात डोकावले तर आम्ही घर सोडू, म्हणून ती खालूनच बघे.

मित्रांनो, आम्ही अंडी घातली. तांबटाची अंडी पांढरी असतात. एका सकाळी आम्ही दोघे उंबरे खायला गेलो असताना सेगोची मादी आमच्या बिळात शिरली. तिचेही अंडे पांढरेच. ते तिने आमच्या अंड्यांत ठेवले, जाताना आमच्या एका अंड्याला चोचीने भोक पाडले आणि निघून गेली. आम्ही परत आलो. बिळात अंधार असतो. फुटलेले अंडे लालतोंडीने उचलून बाहेर टाकले. वाईट वाटले, पण असे होते कधीकधी. उरलेली आम्ही उबवली.

सेगोचे पिल्लू आमच्या पिल्लांच्या आधी फुटले. त्याला डोळे नव्हते, पिसे नव्हती, पण चोचीच्या टोकाला आकडा होता. दोन आकडे, एक वर, एक खाली. आमची पिल्ले जन्मली ती त्या आकड्यांसमोर जन्मली. त्याने अंधारात चाचपून त्यांना चावे घेतले. आम्ही चारा घेऊन आलो की आतून आवाज येई, आणि तो आवाज एका पिल्लाचा वाटतच नसे. चार-पाच तोंडे एकदम ओरडत आहेत असे वाटे. आम्ही समजलो, सगळी मजेत आहेत. ज्यांना माणसे एवढ्या बारकाईने ओळखतात, त्या आम्हाला आमचे पोर ओळखता आले नाही.

आम्ही त्याला वाढवले. त्याची भूक संपत नसे. मी उंबरे आणत होतो, लालतोंडी वाळवी आणि किडे आणत होती. ती वाळत गेली. तिच्या पिसांची चकाकी गेली. ती गाण्यातला आपला "टू" उशिरा म्हणू लागली आणि गाण्यात फट पडू लागली. मी तिला रागावलोही. तरी ती पुन्हा चाऱ्याला जात असे.

पिल्लू बाहेर आले त्या सकाळी झाडाखाली बाई होती, उमाली होता, अलाइका आणि अंशा होत्या. बिळाच्या तोंडाशी प्रथम एक चोच आली. चोचीला खाचा नव्हत्या. मग पिवळा गळा आला. लाल नव्हे, काळा नव्हे, पिवळा. सेगोच्या पोरांचा गळा असाच असतो. ते पंख झाडून सरळ उडाले. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

उमालीने दोन्ही हात वर केले आणि तो नाचू लागला. आपल्या अंगणात सेगो जन्मला, यापेक्षा मोठा शकुन मध काढणाऱ्याला कोणता. अंशाने टाळ्या वाजवल्या. शेजारीपाजारी आले. माझ्या बिळाखाली जणू बारसे चालले होते.

बाई मात्र नाचली नाही. तिने शिडी लावली, काठीला बांधलेला लहान आरसा बिळात घातला आणि तळाशी पाहिले. भुशाखाली आमची दोन पिल्ले चेपून वाळून गेली होती. त्यांना पिसे फुटायच्या आतच ती मेली होती. तोंडे लाल होणार होती की काळी, हे कुणालाच कळले नाही. ती शिडीवरून उतरली आणि तिने अलाइकाला हळू आवाजात सांगितले. अलाइकाने अंशाचा हात धरला आणि टाळ्या थांबवल्या.

लालतोंडी त्या वेळी तिथे नव्हती. ती चारा आणायला गेली होती. चोचीत नाकतोडा घेऊन ती बिळाच्या तोंडाशी आली आणि आत हाक मारू लागली. आत कुणी नव्हते. ती हाक मारत राहिली. एरवी ती पाठीमागे नजर ठेवून असे, त्या दिवशी तिला भान नव्हते. वरून शिक्रा आला आणि तिला घेऊन गेला. नाकतोडा फांदीवर पडून राहिला.

शिक्र्यावर माझा राग नाही. तो सगळ्यांनाच नेतो. मी वैर धरले ते सेगोशी. मी तेव्हाच ठरवले की या खोऱ्यात सेगोला मेणाचा कण मिळू द्यायचा नाही. आई असो की तो पिवळ्या गळ्याचा, ज्याला मी माझ्या चोचीने भरवले.

सूड घेणे मला सोपे गेले. सेगो कामाला लागला की कलकलाट करतो. तो कुठे आहे ते शोधावे लागत नाही. उमालीची "ब्रर्र-हं" ऐकू आली की मी फांदीवर ताठ होऊन बसे. सेगो उत्तर देई आणि मी त्याच्या पाठीवर जाऊन पडे. त्याची कातडी जाड असते, मधमाश्यांचे डंखही तिला लागत नाहीत. पण माझ्या चोचीला दात आहेत. मी मानेची पिसे उपटत असे. सेगो पळून जाई, रान गप्प होई आणि उमाली रिकामे भांडे घेऊन परत येई. त्याचे पडलेले तोंड पाहून मला उंबर खाल्ल्यासारखे वाटे. हाच माणूस माझ्या बिळाखाली नाचला होता.

असे चालू असताना अलाइकाला ताप आला. ताप डोक्यात गेला आणि ती गेली. गावाच्या कडेला तिला पुरले. उमाली रोज सकाळी कबरीवर जाऊन बसे, आणि तिथून उठून रानात जाई.

आता त्याला मध लागणार होता तो तिच्या चाळिसाव्यासाठी, म्हणजे ती गेल्यापासूनच्या चाळिसाव्या दिवसासाठी. त्या दिवशी पाहुण्यांना भात वाढतात. मध काढणाऱ्याच्या बायकोचा चाळिसावा, तेव्हा भातावर मध हवाच. तसे उमालीने तिला पुरताना सगळ्यांसमोर कबूल केले होते. पण रोज तो हाक देत होता आणि रोज मी सेगोला हाकलत होतो.

गावात कुजबुज सुरू झाली. सेगो येत नाही याचा आमच्याकडे एकच अर्थ लावतात. माणसाने करार मोडला. कुणी म्हणाले, याने मेण ठेवले नसेल. कुणी त्याहून वाईट म्हणाले. नियत बिघडलेल्या नवऱ्याकडे सेगो पाठ फिरवतो. बायको तापाने फणफणत होती तेव्हा हा रानात होता की आणखी कुठे? उमालीची सासू अबिती सायदे. आमच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. म्हणून ती जावयाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात शेळीशी बोले. लेकी बोले, सुने लागे, त्यातलाच प्रकार.

"शेळीबाई, तू तरी दाव्याला बांधलेली आहेस म्हणून बरं. नाहीतर आपल्या दारात पाखरूसुद्धा टिकेना झालंय. काय पाप शिरलंय घरात, तुला काही वास येतो का गं?"

उमाली कुऱ्हाड घासत राही.

चाळिसावा परवावर आला तेव्हा अलाइकाचा मामा, चे कलांजे, दुपारी येऊन बसला. घराण्यातल्या साऱ्या बायकांचा तो कर्ता. त्याने आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाला, "जावईबापू, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण लोकांना भात वाढायचाय. भातावर मध नसला की लोक आपापला अर्थ लावतात, आणि पोरीच्या नावाला डाग लागतो. तसं झालं तर तुम्ही नदीपलीकडे आपल्या आईकडे गेलेलं बरं. अंशा आमच्या घराण्याची. ती इथंच राहील."

उमालीने विचारले, "आणि कबर?"

"कबर काय, तीही आमच्याच जमिनीत आहे."

मामा गेल्यावर पक्ष्यांची बाई आली. तिने बरेच दिवस दुर्बिणीतून पाहिले होते. ती उमालीला म्हणाली की सेगो तुमच्यावर रुसलेला नाही, त्याला दुसरेच कुणी हाकलते आहे, काळ्या तोंडाचे आणि पायात माझे कडे घातलेले. उमालीने वर पाहिले. मी फांदीवरच होतो. त्याच्या मांडीवर कुऱ्हाड होती आणि माझी फांदी वाळलेली होती. मी पळालो नाही. लालतोंडी जिथे शेवटची बसली ती जागा त्याच फांदीवर आहे. पाडायची तर माझ्यासकट पाड, असे मनात म्हणून मी बसून राहिलो.

बाई गेली. उमाली झाडाखाली आला आणि बुंध्याला पाठ टेकून बसला. गावकऱ्यांनी पाहिले असते तर त्यांनी त्याला वेडा ठरवले असते. पण सेगोशी करार करणाऱ्या माणसाला पाखराशी बोलायची लाज नसते.

"काळतोंड्या," तो म्हणाला, "तुझ्या बिळात कोण ओरडतंय ते मला आधीच कळलं होतं. सेगोच्या पोराचा आवाज मी लहानपणापासून ऐकतोय. मी बाईला बोललो नाही. बोललो असतो तर तिनं ते बाहेर काढलं असतं. मला सेगो पाहिजे होता."

मी मानेची पिसे फुगवली. त्याच क्षणी त्याच्या डोळ्यावर झेप घ्यावी असे मला वाटले. म्हणजे वैरी दोन नव्हते, तीन होते.

तो पुढे म्हणाला, "माफी मागत नाही. मागून तुझं काय भरून येणार? मी करार मागतोय. उद्याची सकाळ मला दे. फक्त उद्याची. परवापासून तुझं नि त्यांचं काय असेल ते तुम्ही बघून घ्या, मी मध्ये येणार नाही. या खोऱ्यात हाकसुद्धा देणार नाही. पण उद्या मध नाही मिळाला तर मला तिच्यापासून लांब जावं लागेल."

एवढे बोलून तो उठला आणि कुऱ्हाड घेऊन घरात गेला.

दुसऱ्या दिवशी तो कबरीवरून उठून रानात शिरला. "ब्रर्र-हं." काही वेळ काहीच नाही. मग उत्तर आले. पिवळा गळा होता, तोच. मी बाणासारखा गेलो आणि त्याला एका दुबेळक्यात गाठले. त्याला उडायला जागा नव्हती. माझी चोच त्याच्या मानेवर होती. त्याने मला पाहून तोंड उघडले. भीतीने उघडले की जुन्या सवयीने, ते मला ठाऊक नाही. मला दया आली असे तुम्हाला वाटेल. नाही आली. ते उघडे तोंड पाहून माझा राग दुप्पट झाला. याच तोंडात लालतोंडीने स्वतःला रिकामे केले होते.

खाली उमाली थांबला होता. त्याने मला पाहिले, त्याला पाहिले. पुन्हा हाक दिली नाही. नुसता उभा राहिला.

मित्रांनो, मला माझ्या फांदीवरून कुणी हाकलले नव्हते. लालतोंडी जिथे होती ती जागा मला रोज दिसते, मी रोज तिच्याशेजारी बसतो. तेवढेच माझ्याजवळ उरले आहे. ते कुणी काढून घेतले असते तर? आणि अलाइका माझ्या बिळाखाली टाळ्या थांबवणारी एकटीच होती.

मी चोच उचलली आणि बाजूच्या फांदीवर सरकलो. पिवळा गळा थरथरत उडाला. थोडा पुढे जाऊन तो पुन्हा कलकलाट करू लागला. त्याला दुसरे काही येतच नाही. उमाली त्याच्या मागे गेला. दुपारी तो भांडे भरून परत आला. मेणही त्याने पानावर ठेवले. करार तो करारच. माझ्या पिल्लांना मारणारा ते मेण खाताना मी समोरच्या झाडावर बसून शेवटच्या घासापर्यंत पाहिला. ती सकाळ देणे मला किती जड गेले हे तुम्हाला कळावे म्हणून सांगतो.

चाळिसावा झाला. भातावर मध होता. चे कलांजेने बोट चाटले आणि उमालीला आपल्याशेजारी जागा दिली. अबिती सायदे अंगणात येऊन शेळीला म्हणाली, "शेळीबाई, मध जरा पातळच आहे. पण असू दे. पोरीला बाप हवा, आणि कबरीवरचं गवत कुणीतरी काढायला हवं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावातल्या कोंबड्यांच्या आधी उठलो. पिवळ्या गळ्याला मी त्या दिवशी खोऱ्याच्या कडेपर्यंत पिटाळले. डोंगर ओलांडेपर्यंत त्याच्या पाठीवरून उतरलो नाही. त्याच्या आईला अजून पिटाळतो आहे. उमालीने शब्द पाळला. तो आता डोंगरापलीकडे जाऊन हाक देतो आणि उशिरा घरी येतो. मीही माझा शब्द पाळतो. आमच्यात दोस्ती नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. मला जोडीदारीण नाही, बीळ कोरण्याचे बळ नाही. पण या झाडावर दुसऱ्या तांबटांची बिळे आहेत. अंड्यांच्या दिवसांत मी त्यांच्या दारात बसतो. लाल तोंडाची जोडी असो, काळ्या तोंडाची असो, मिश्र असो. करडे काही जवळ आले की आधी चोच पाहतो. खाचा दिसल्या नाहीत की विचारपूस करत नाही. पक्ष्यांची बाई पुन्हा येऊन बसली आहे. या वर्षी एका मिश्र जोडीच्या बिळातून खऱ्या तांबटांची कोवळी हाक येते आहे. त्यांची तोंडे कशी निघतात ते तिला बघायचे आहे. मला ती नुसती जिवंत निघायला हवी आहेत.

मित्रांनो, क्षमा करा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला ते येत नाही. मी एवढेच मागतो की झाडाची वाळलेली फांदी मेलेली समजून तोडू नका. तिच्यात कुणीतरी घर केलेले असते, आणि कुणाचे तेवढेच उरलेले असते. आणि एखाद्या बिळातून पिल्लू बाहेर आले तर नाचण्याआधी आरसा घेऊन तळाशी एकदा बघा.